दुप्पट वाळवण

“आवंदा सगळं दुप्पट करायचं,” शांतादेवी म्हणाल्या आणि गव्हाचं पोतं सुनेपुढे सरकवलं.

वर्षाराणीनं पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं. पाडव्याला घरात उन्हाळ्याचे बेत ठरले होते. तिचा नवरा राजेश्वर दुकानाला रंग देणार होता, म्हणजे दरवर्षीसारखं नुसतं म्हणणार होता. वर्षाराणी यास्मिनबाजीच्या शिवणक्लासला जाणार होती. हा क्लास परळीत फक्त उन्हाळ्यातच चालायचा, आणि तो करून घरात स्वतःचं मशीन टाकायचं हे तिनं लग्नाआधीपासून मनाशी धरलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशी आपलं काही सांगितलं नव्हतं. त्यांचा बेत हा असा आता बाहेर आला.

“तिघांच्या घरात दुप्पट कशाला, आत्या?”

“लागतंय.”

“तेलगावच्या वन्संसाठी का?”

शांतादेवी नुसत्या हसल्या. लेकीचे डबे भरायचे आणि सुनेचे हात मोडायचे, हे वर्षाराणीनं ओळखलं. पण हार मानेल तर ती वर्षाराणी कसली. दुप्पट तर दुप्पट, सगळं उरकून क्लास गाठायचाच, असं तिनं ठरवून टाकलं.

पहाटेच उठून ती चीक घोटायची. ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालायची आणि वर जुनी साडी पसरायची, कारण इथे वीजकेंद्राची राख कधी उडत येईल सांगता येत नाही. शांतादेवी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथूनच हुकूम सोडायच्या. एरवी सोऱ्या दुसऱ्याच्या हातात न देणारी बाई यंदा कशाला हात लावेना. पापडखारसुद्धा त्यांनी सुनेकडूनच घालून घेतला. दूध-साखर घालून पुढे केलेली चिकाची वाटी त्यांनी तशीच परत केली.

“तुमी एकदा चव तर बघा,” वर्षाराणी म्हणाली.

“तुझी तू बघ. तुझ्या हाताला अंदाज यायला पायजे.”

दर मंगळवारी मात्र सासूबाई सकाळीच तयार. अंबाजोगाईला, योगेश्वरीच्या दर्शनाला. सोबत शेजारची बीबीजान, फळांचा गाडा लावणाऱ्या पाशाभाईंची बायको. बीबीजान देवीला कशाला जाते, असं वर्षाराणीला एकदा वाटून गेलं. मग म्हाताऱ्या बाईला कुणीतरी सोबत लागतंच म्हणून तिनं तो विचार सोडून दिला. परत आल्या की शांतादेवी हातावरची चिकटपट्टी पदराखाली झाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

“देवीला जाऊन माणूस ताजंतवानं होतं, आत्या तर पडूनच राहतात,” ती राजेश्वरला म्हणाली. त्यानं दुकानाची किल्ली उचलली आणि तो बाहेर पडला.

पहिले डबे भरले तेव्हा सासूबाईंनी तिला एक टोपलं घेऊन गल्लीतल्या मुंजाजीच्या घरी पाठवलं. मुंजाजीची आई दिवाळीत वारली होती. तिचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून त्या घरात यंदा वाळवण घालायचं नव्हतं, शेजाऱ्यांनी पुरवायचं. मुंजाजीच्या बायकोनं मान खाली घालूनच टोपलं घेतलं.

“लोकांनी लई दिलं, वर्षा. पण दुसऱ्याच्या दारचं खाताना घास उतरत न्हाई.”

वर्षाराणीनं घरी येऊन हे सांगितलं. शांतादेवींनी ऐकून घेतलं, आणि लगेच आणखी उडीद दळायला काढले. आता मात्र वर्षाराणीचं डोकं फिरलं. तरीही तिनं ते पापड लाटले. चिडून लाटले, पण एकही जाड होऊ दिला नाही.

शेवटची रास वाळायला टाकून ती तशीच यास्मिनबाजीकडे पळाली. क्लास कधीच भरला होता.

“तुझ्यासाठी लई दिवस जागा धरली, बेटी,” यास्मिनबाजी म्हणाली. “आता फुडच्या उन्हाळ्यात ये.”

ती घरी आली तेव्हा शांतादेवी डब्यांच्या तोंडाला फडकी बांधत होत्या. माजघरात डबेच डबे झाले होते. वर्षाराणीला रडू फुटलं आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

“झालं तुमच्या मनासारखं? गेला माझा क्लास. आता फुडच्या उन्हाळ्यात या म्हणते ती. तवा तरी सोडाल का मला?”

“सोडायचं म्हणूनच तर एवढं करून घेतलं.”

“म्हंजे? हे वन्संना न्हाई?”

“तिला कावून? तिचं घर हाय, ती करंल. हे तुझं हाय. आता तुझा हातबी बसलाय. फुडच्या उन्हाळ्यात तू बिनघोर क्लासला जा, अन् कुणाच्या टोपल्याची वाट बघू नको.”

“अन् फुडच्या उन्हाळ्याचं वाळवण?”

शांतादेवींनी शेवटच्या डब्याची गाठ आवळली.

“तवा ह्या घरात वाळवण घालता येणार न्हाई, वर्षा. माझं वर्ष झालेलं नसंल.”