पुढच्या वर्षीचं जेवण
ला पाझच्या सभागृहात माझं नाव पुकारलं गेलं. पर्यावरणीय अर्थशास्त्रातल्या तरुण संशोधकाचा पुरस्कार. अध्यक्षबाईंनी पितळी पाटी माझ्या हातात ठेवली. टाळ्या थांबतात न थांबतात तोच पहिल्या रांगेतले माझे बाबा लोकरीची टोपी काढून उभे राहिले. "मान घेतला आम्ही!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षीचं जेवण आमच्याकडे. सगळ्यांनी यायचं, पोराबाळांसकट!" सभागृह खो खो हसलं, पुन्हा टाळ्या पडल्या. आमच्या गावात हे असंच असतं. ज्याला मान मिळतो, त्यानं वर्षभरानं आपल्या कळपातले लामा, मेंढ्या कापून अख्ख्या गावाला जेवू घालायचं. म्हणून कुणाचाच कळप बेसुमार वाढत नाही आणि कुरण टिकतं. माझा प्रबंध याच रीतीवर होता, आणि टाळ्या वाजवणाऱ्या परीक्षकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. "तुमचे वडील भारी विनोदी आहेत हं," अध्यक्षबाई कानाशी म्हणाल्या. "हो," मी म्हणाले, आणि असं का म्हणाले ते मलाच कळेना. खाली आई बाबांना कोपरानं ढोसत होती. "अहो, एवढी माणसं बसवायची कुठे?" "मेंढवाड्यात. तोवर मेंढ्या कुठे उरणार आहेत!" पाटी हातात जड झाली. माइक समोरच होता. बाबा थट्टा करत नाहीयेत, हे सभागृहाला सांगू, की यातलं कुणीच येणार नाही, हे बाबांना?