मुकुटाची अट

सुनेने बनवलेल्या ऑनलाइन गेमचा शेवटचा टप्पा सासूबाईंनी केव्हाच गाठला होता. रविवारी सकाळी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. “चाळीस दिवस तोच राक्षस मारतेय. आता त्यालाही माझा कंटाळा आला असेल. मी सुट्टी घेतेय.” “पण आई, एक दिवस चुकवलात तर बक्षिसाचा मुकुट जातो!” “जाऊ दे. तीस वर्षं गणित शिकवलं. मुलं बसावीत म्हणून वर्गाला कधी कडी घातली नाही.” सुनेला झोंबलं, मुकुटाची अट तिचीच होती. सोमवारी ऑफिसच्या बैठकीत तिने ठणकावलं, “सुट्टी घेणाऱ्याचा मुकुट काढायचा नाही.” “आणि गेलेले परतलेच नाहीत तर?” साहेबांनी विचारलं. “तर शेवटचा टप्पाच फसलाय, साहेब. खेळणाऱ्यांना दोष कशाला?” साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवलं, “मग नवा टप्पा मांडा.” तिने बाह्या सरसावून फळा पुसला.