दुसरा शंख

ओलांगो बेटावर रोविना तीन वर्षं एका वाटाण्याएवढ्या शंखामागे वेडी झाली होती. तांबूस पट्ट्याची ही गोगलगाय शास्त्राला नवी होती, पण हाती लागला होता एकच शंख. ओहोटी लागली की ती जेवता जेवता उठायची.

"समुद्र काय आज आटणार आहे होय गं? ये, सुंग्काचा एक डाव खेळू!" घरमालकीण नांग तोमासा अंगणातून रोज टोमणा मारायची.

"वेळ कुठाय, नांग!"

अखेर रोविनाने हात टेकले. लेख छापून आला: 'दुसरा नमुना नाही. जात बहुधा नामशेष.' त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच अंगणात खेळायला बसली.


नांग तोमासाने सुंग्काचा लाकडी पाट पुढे सरकवला. चौदा खळगे, आणि प्रत्येकात सोंगट्या म्हणून तांबूस पट्ट्याचे सात-सात शंख.