चूळ

"हिरड्या सुजल्यात, तारांत अन्न अडकलंय. आज पुढची तार बसवता येणार नाही," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवाळीला निघणाऱ्या तारा उन्हाळ्यावर गेल्या. बानाबाईचं डोकंच फिरलं. कंपनीत खाडा करून लेकीला आणायचं ते यासाठी? "खळखळून चुळा भर म्हणून किती येळा सांगितलं!" ती खेकसली. गावाकडं करमाडची विहीर आटली म्हणून शहरात मुकुंदवाडीत बिऱ्हाड केलं, तर इथं नळाला पाणी आठवड्यानं. दात घासायला एकच पेला, थेंब वाया घालवायचा नाही, हा कायदा तिचाच. पण हे इथं डॉक्टरांसमोर सांगणार कोण? डॉक्टरीणबाईंनी दात साफ करून पेला दिला. "चूळ भर, बेसिनमध्ये थुंक." लेकीनं चूळ भरली आणि घटकन गिळली. "अगं, थुंकायचं!" डॉक्टरीणबाईंनी पेला पुन्हा भरला. लेक गाल फुगवून आईकडं बघत राहिली. बानाबाईचा आवाज चिरकला, "थुंक, हे पाणी आपलं नाय!"