आंबट पाणी

"दुधात काय मिसळतीस ते सांग, न्हायतर फाटकाला कुलूप ठोकूनच जातो," यशराजने मोबाईल उंच धरून मेहरीनला दम भरला. मोबाईलवर फेसबुक लाइव्ह चालू होतं. बारामती-इंदापूरकडचे त्याचे सगळे दूधवाले ते बघत होते. त्यांनी बघावं म्हणूनच तो भर उन्हात जळोचीहून कळंबला आला होता.

मेहरीन आपल्या डेअरीच्या दारात उभी होती. हातात रबरी मोजे, कपाळावर घाम, आणि या माणसाला पाणीसुद्धा विचारायचं नाही हे चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं.

"काय मिसळत न्हाय. तुमच्यापेक्षा लिटरमागं दोन रुपये जास्त देते. त्यालाच भेसळ म्हणायचं आसंल तर म्हणा."

"दोन रुपये आणतीस कुठनं? बापानं ठेवलेत?"

"अब्बांना मधी आणू नका, यशराजशेठ."

शेठचं डोकं फिरायला कारण होतं. जळोचीतला त्याचा पनीरचा कारखाना निम्म्यावर आला होता. एकेक गाव दूध घेऊन मेहरीनकडे वळत होतं. आज सकाळी माऊलीने, त्याच्या सगळ्यात मोठ्या संकलन केंद्रवाल्याने, फोन करून सांगितलं होतं की उद्यापासून आमचंही दूध कळंबला. ते दूध गेलं तर कारखान्याला टाळं लागणार होतं. आणि तेही कुणामुळे? ज्या बाईला त्याने स्वतः घालवलं होतं, तिच्यामुळे.

मेहरीन त्याच्याच कारखान्यात मॅनेजर होती. दूध फाडलं की पनीर निघतं आणि मागे उरतं ते टाक्याच्या टाक्या आंबट पाणी. यशराज ते ओढ्यात सोडायचा. खालच्या विहिरी नासल्या, माणसं काठ्या घेऊन भांडायला आली. तेव्हा मेहरीन म्हणाली, या पाण्याचा गॅस होतो, तो बॉयलरला लावू, लाकडाचा खर्च वाचेल. यशराज सगळ्या कामगारांदेखत हसला होता. "तुला पगार पनीरचा देतो, गटाराचा न्हाय," म्हणाला होता. ती दुसऱ्या दिवशी कामावर आलीच नाही. यशराजने दत्तोबांचा टँकर भाड्याने लावला. पाणी दूर कुठेतरी जाऊ लागलं, काठ्या घरी गेल्या आणि त्याच्यापुरता विषय मिटला. अशी माणसं स्वतःला व्यवहारी म्हणवून घेतात, हा आणखी एक विनोद.

"बघा मंडळी," यशराजने मोबाईल वर फिरवला. "चिमणीला धूर हाय का? आवारात लाकडाचा एक ओंडका तरी दिसतोय का? आमच्याकडं रोज ट्रॉलीभर लाकूड जळतं. हिचा बॉयलरच पेटत न्हाय आन् ही म्हणं पनीर करती! सगळा पावडरचा खेळ हाय."

पडद्यावर लाल बदाम उडायला लागले. त्याला जोर चढला. शेडच्या मागे हत्तीच्या पाठीसारखं काळं काहीतरी फुगलेलं त्याला दिसलं.

"ती ताडपत्री काढ. पावडरची पोती हायेत तिच्याखाली."

"ताडपत्री न्हाय ती. गॅसचा फुगा हाय. लांब ऱ्हावा."

"पाण्याचा गॅस? अजून तेच खूळ?" तो खदाखदा हसला. "मला शिकवू नको. धंद्यात केस पिकलेत माझे. तुझं पनीर केवढं, त्याचं पाणी केवढं! तेवढ्याशा पाण्यावर एवढा बॉयलर दिवसभर चालतो व्हय?"

मेहरीनने एकेक करून मोजे काढले.

"हे मात्र खरं बोलला," ती म्हणाली. "माझं पाणी पुरत न्हाय. बाहेरनं येतं."

"बाहेरनं? आसलं पाणी तुला देतो तरी कोण? घ्या मंडळी, आता थापा ऐका."

तिने नुसतं फाटकाकडे बघितलं.

हॉर्न वाजला. यशराजने तावातावाने मोबाईल तिकडे वळवला. आता कोणता थापाड्या येतो ते सगळ्यांना दिसू दे, असं त्याच्या मनात होतं. एक टँकर आत आला. त्याचा डावा कान चेपलेला होता, म्हणजे डाव्या बाजूचा पत्रा. तो पत्रा कुठे चेपला ते यशराजला चांगलं ठाऊक होतं. त्याच्याच कारखान्याच्या फाटकाला घासून. मागोमाग वास आला. तोही ओळखीचा होता. रोज सकाळी त्याच्या अंगणात यायचा तोच.

या खेपेचं भाडं त्याने तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने मोजून दिलं होतं.

"लाकूड वाचतं," मेहरीन शांतपणे म्हणाली. ती यशराजशी नव्हे, मोबाईलशी बोलत होती. "त्याचेच दोन रुपये, मंडळी. घरपोच येतात."

मोबाईल बंद करायचं यशराजला सुचलं नाही. पडद्यावर बदामांचा पाऊस पडत होता. म्हातारे दत्तोबा खाली उतरले, पाईप ओढायला वाकले, आणि समोर मालक बघून जागच्या जागी थांबले.

"दत्तोबा!" यशराज ओरडला. "माझं पाणी हितं? माझ्या वैऱ्याच्या दारात? येवढे दिवस एका शब्दानं बोलला न्हाय तुमी?"

दत्तोबांनी टोपी मागे सारली. त्यांना खरंच कळत नव्हतं की चूक कुठे झाली.

"कसं बोलणार, मालक? पयल्याच दिवशी तुमी बजावलं व्हतं, कुठंबी वता, पन कुठं वतलं ते मला सांगायचं न्हाय."