टेंगूळ

रिहे गावच्या जत्रेत आखाड्याशेजारच्या मांडवाचा लोखंडी पाइप वस्ताद जयसिंगांच्या डोक्याला लागला. रक्त आलं नाही, नुसतं टेंगूळ उठलं. "वस्तादाला काय हुतंय? पाइप वाकलाय का बघा!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्यांची पैलवान नात गौतमी हसली नाही. हृदयाची झडप बदलल्यापासून आबा रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, तर रक्त आतल्या आत वाहत राहू शकतं, हे डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. "आबा, दवाखान्यात चला." "लई शानी झालीस. गदेची कुस्ती हाय तुजी. जोड कुणासंगं लागलीय?" तिनं सांगितलं. जरा वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेवढ्यात भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. गौतमी आखाड्याकडे वळली नाही. तिनं वाकून आबांच्या कमरेला मिठी घातली, त्यांना उचललं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं. आजवर कुठल्याही पैलवानाला त्यांचे पाय मातीवरून उचलता आले नव्हते. गदा दुसरीला गेली. पुण्याच्या दवाखान्यात तपासणी केली, तेव्हा मेंदूवर रक्त साचू लागलेलं दिसलं. उपचारांनी ते थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात, म्हणून वाचलात." "मी कुटला येतोय, सायेब?" आबांनी खाटेशी उभ्या असलेल्या नातीकडे बोट केलं. "भर जत्रंत उचलून आणलंय मला हिनं. समद्या गावानं बघितलंय."