शेवटचं प्रकरण

नवरा बेशुद्ध पडून वर्ष होत आलं होतं. "त्यांना ऐकू जात असेल, बोलत राहा," असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याने हौसेने आणलेल्या आणि वाचायच्या राहिलेल्या कादंबऱ्या ती रोज आंघोळ उरकून त्याच्या उशाशी वाचायची. आधी ऐतिहासिक संपवल्या. पण लढाई कोण हरणार हे त्याला तोंडपाठ, तो कशाला उठतोय! मग तिने रहस्यकथा काढल्या. शेवटचं प्रकरण आलं की ती पुस्तक मिटायची. तो डोळे उघडेपर्यंत आपणही ते वाचायचं नाही, असा तिचा नेमच होता.

एकोणिसाव्या पुस्तकाला तिचा धीर सुटला. त्याचा हात कपाळाला लावून ती रडू लागली, "अहो, खुनी कोण ते विचारा ना! नुसतं हूं तरी म्हणा!"

भेटायला आलेली नणंद दारातच थबकली. जवळ येऊन तिने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला.


"वहिनी, तुला कधी सांगितलं नाही का गं त्याने? दादा दुकानात उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण आधी वाचतो, आणि आवडलं तरच पुस्तक घरी आणतो."